‘हेम्प’ला मराठीत काय म्हणायचं? अंबाडी, ताग, भांग की गांजा?

शब्दवेडी: चेहऱ्याला लावायच्या एका तेलाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि घटकांच्या यादीतच अडलेय. त्यात ‘हेम्प सीड ऑइल’ आणि ‘सीबीडी’ (कॅनाबिडायॉल, हेम्पच्या झाडातलंच एक द्रव्य) अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. शब्दकोशात हेम्पपुढे ‘ताग, अंबाडी’ सापडलं, म्हणून ‘अंबाडीच्या बियांचं तेल’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘गांजाचं तेल’ केलं, आणि सीबीडीलाही तेच! आता एकाच यादीत गांजाचं तेल दोनदा आलंय. मला दोन्ही चूक वाटतात. बरोबर काय?

रानवाटा: अंबाडी नक्की चूक. अंबाडी जास्वंदीच्या कुळातली, ताग शेंगावर्गातला. हेम्प म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, त्याचा या दोघांशी काही सोयरसंबंध नाही. घोळ मुळात इंग्रजीतला आहे. दोर वळता येईल असा वाख मिळाला की त्याला हेम्प म्हणायचं, अशी त्यांची रीत. तागाला सन हेम्प, अंबाडीला डेक्कन हेम्प, घायपातीच्या एका जातीला सिसल हेम्प, आणि मनिला हेम्प तर चक्क केळीच्या कुळातलं! आपल्या कोशांत ते सगळं तसंच उतरलं.

जुना वाचक: सरळ ‘भांगेचं तेल’ लिहा की. शब्द जुना आहे, घरातला आहे. माझी आजी केसांना भांगेचंच तेल लावायची.

काळी माती: काका, ते भांगऱ्याचं असणार. भांगरा म्हणजे माका, भृंगराज. आमच्याकडेही ‘भांगऱ्याचं तेल’च म्हणायचे. ते झाड पूर्ण वेगळं.

जुना वाचक: आजीच्या तोंडी ‘भांग’ होतं, मला स्पष्ट आठवतं.

रसायनी: मूळ प्रश्नाकडे येते. या एका झाडाच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. पानं ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, राळ ती चरस. या तिन्हींत बी कुठेच नाही. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच, नशा आणणारं टीएचसीही नाही. चुकून अंश सापडला तर तो बियांच्या टरफलाला चिकटलेल्या राळेचा. हे तेल म्हणजे मुख्यतः लिनोलेइक हे मेदाम्ल आणि त्याच्या साधारण एक तृतीयांश अल्फा-लिनोलेनिक हे दुसरं मेदाम्ल. त्वचेवर लावलं तर मऊपणा देतं, ओलावा उडू देत नाही. सीबीडी फुलोऱ्यावरच्या राळेच्या ग्रंथींतून मद्यार्क किंवा कार्बन डायऑक्साइड वापरून काढतात. शुद्ध केलं की ती पांढरी स्फटिकरूप भुकटी असते, तेल नव्हेच. म्हणून पहिल्याला ‘गांजाचं तेल’ म्हणणं ही वस्तुस्थितीची चूक आहे. वाचणारा एक तर घाबरेल, नाहीतर बियांच्या तेलाला सीबीडीचे पैसे मोजेल.

शब्दवेडी: हेच हवं होतं! मग ‘भांगेच्या बियांचं तेल’? पण भांग म्हणजे फक्त पानं असतील तर ‘पानांच्या बिया’ झाल्या.

जुना वाचक: ‘तुळशीत भांग उगवली’ म्हणतो तेव्हा पान उगवतं का? अख्खं रोप उगवतं. म्हणजे भांग हे झाडाचंही नाव आहे.

रसायनी: हा मुद्दा बिनतोड आहे. मान्य.

मितभाषी: भांग हा शब्द ‘भंग’वरूनच आला. चित्ताचा भंग करते ती भांग. केसांचा भांगही तोच.

रानवाटा: केसांचा भांग ‘भंग’वरून, हे ठीक. झाडाच्या नावाबद्दल असं छातीठोक बोलू नका. अथर्ववेदात ‘भङ्ग’ दर्भ आणि यवाच्या जोडीने येतो, तिथे चित्तभंगाचा काही संबंध दिसत नाही. फारसीतही ‘बंग’ आहे. आणि हेम्प व कॅनाबिस हे मुळात एकच शब्द: जर्मानिक भाषांत क चा ह झाला, ब चा प. कॅनव्हासही त्यातलाच.

मितभाषी: मला चित्तभंगच पटतो.

शुद्धमती: इतके परके शब्द कशाला? संस्कृतात भांगेला ‘विजया’ म्हणतात. ‘विजयाबीज तेल’ आणि ‘विजयासार’ लिहा. ‘स्किनकेअर’लाही ‘त्वचानिगा’ करा.

काळी माती: ‘विजयसार’ म्हणजे बिबळा हो, ते वेगळंच झाड! एका कान्याच्या फरकावर त्वचेला लावायची वस्तू ठरवायची?

रसायनी: सीबीडीला ‘कॅनाबिडायॉल’च ठेवा. त्यातल्या ‘डायॉल’लाही अर्थ आहे, रेणूत दोन हायड्रॉक्सिल गट असतात. 1940 साली रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळं केलं तेव्हापासून हेच नाव आहे. ‘सार’ म्हटलं की ही माहिती गेली.

शुद्धमती: असं म्हणत राहिलो तर मराठीत फक्त क्रियापदं उरतील.

शब्दवेडी: क्रियापदावरूनच विचारते. मुळात सीबीडीमुळे मुरमं ‘बरी होतात’ अशा अर्थाचं वाक्य आहे. तसंच ठेवू?

रसायनी: मी ठेवणार नाही. 2014 साली हंगेरीतल्या संशोधकांनी तैलग्रंथींच्या पेशींवर सीबीडी वापरलं, तेव्हा तेलनिर्मिती घटली. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे. ‘बरी होतात’ फार मोठं क्रियापद आहे, मूळ लिहिणाऱ्यांना कळवा. आणि ‘ऑक्सिडाइझ होते’ असं कुठे आलं तर ‘खवट होते’ लिहा. हे तेल लवकर खवट होतं, वापरणाऱ्याला ते कळायलाच हवं.

शुद्धमती: ‘खवट’ खाण्याच्या तेलाला म्हणतात. इथे ‘विदग्ध’ शोभेल.

काळी माती: विदग्ध म्हणजे रसिक, चतुर असं मी शिकले.

मितभाषी: जळलेलं, असाही अर्थ आहे. आयुर्वेदात विदग्धाजीर्ण येतं.

जुना वाचक: आत्ताच मावशीला फोन केला. ती म्हणते, आजी ‘भांगेरं’ म्हणायची. आता हे भांगेचं की भांगऱ्याचं?