देवरी-सालेकसाच्या गुलाबी गोट्यावरून जुना मॅग्मा-पट्टा कसा ओळखायचा?

बोडीकाठ
देवरीहून डोंगरगडकडे जाताना जाड दाण्याचा गुलाबी ग्रॅनाइट लागतो, दरेकसाकडे बारीक दाण्याचा लालसर टणक गोटा. दोन्ही साधारण २५० कोटी वर्षांचे. तेव्हा इथं मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, मोठा पट्टा होता, हे दगडावरून ठरवतात कसं? कॉलेजच्या पोरांना फील्डवर काय दाखवता येईल?

खदानवाला
दरेकसाचा तो बिजली रायोलाइट, ग्रॅनाइटचाच भाऊबंद. मॅग्मा खाली मुरला की हळूहळू थंड होतो, दाणे लाखोळीएवढे, कधी त्याहून मोठे वाढतात. वर येऊन ओतला की दाणे वाढायला वेळच नाही.

पोरांना ताजा फोडलेला तुकडा आणि १० पटीचं भिंग द्या. हॉर्नब्लेंडच्या आखूड काळ्या कांड्या, मधाच्या रंगाचं पाचरीसारखं स्फीन, आणि भुग्यात फिरवल्यावर चुंबकाला चिकटणारे कण दिसले, तर मूळ खडक अग्निजन्य, म्हणजे आय-टाइप. अँडीजसारख्या पट्ट्यात असे ग्रॅनाइट भरपूर. नखानं पापुद्रे निघणारा पांढरा अभ्रक आणि गार्नेट असेल तर गाळाचे खडक वितळलेत, एस-टाइप. शेजारच्या बालाघाटातल्या मलांजखंडच्या ग्रॅनाइटला बरेच जण सबडक्शनचा, म्हणजे अँडीजसारखा एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना झालेला, मानतात. डोंगरगडचा मात्र ए-टाइपकडे झुकतो, म्हणजे ताणलेल्या कवचातला. वाद आहेच.

झिरकॉन
वरच्याला जोड. ग्रॅनाइट कुठल्या प्रकारच्या पट्ट्यात झाला ते खान्यांवरून सांगणारा, रुबिडियम विरुद्ध यट्रियम अधिक निओबियम हा १९८४ पासूनचा आलेख सगळे काढतात आणि ठिपका पडला त्या खान्याचं नाव देऊन मोकळे होतात. पण ग्रॅनाइटला रसायन मिळतं ते वितळलेल्या खडकाकडून. जुन्या पट्ट्याचं कवच कित्येक कोटी वर्षांनी पुन्हा वितळलं, तरी ठिपका जुन्याच खान्यात पडतो. म्हणून आधी वय काढा, ते झिरकॉन या खनिजाच्या दाण्यांवरून निघतं.

नमुना ५ ते १० किलो, गोल धोंड्याच्या गाभ्यातला. फेल्डस्पार खडूसारखा पांढरा पडून चाकूनं खरवडला जात असेल तर तो गोटा टाकून द्या. क्रशर नीट धुवा. आधीच्या नमुन्याचे दोन-चार दाणे राहिले तरी निकाल बिघडतो. भुगा चाळून ब्रोमोफॉर्ममध्ये (घनता २.८९) टाका, पण प्रयोगशाळेतल्या वाफ ओढून घेणाऱ्या कपाटातच (फ्यूम हुड), वाफ विषारी आहे. क्वार्ट्झ २.६५ म्हणून तरंगतं, झिरकॉन ४.६ च्या वर म्हणून बुडतं. मग चुंबकी विभाजक, शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचायचा.

दाणे इपॉक्सीत बसवून अर्धे घासले की कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये (इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं दाणा चमकवून) आतली वलयं दिसतात. गाभा कधी जुन्या खडकातून आलेला असतो, कड नव्या मॅग्मात वाढलेली. वय मोजणाऱ्या किरणाचा ठिपका २०-३० मायक्रॉनचा. तो गाभा आणि कड दोन्हींवर पडला की मधलंच वय येतं, जे कुठल्याच घटनेचं नसतं. घोळ बहुतेक इथंच होतो.

बोडीकाठ
म्हणजे जुना गाभाही कामाचाच?

झिरकॉन
हो तर! खाली कोणतं कवच वितळलं, ते तोच सांगतो.

खदानवाला
आणि आमगावकडचा पट्टेदार गोटा ग्रॅनाइट म्हणून उचलू नका भाऊ. काळी-पांढरी खनिजं ओळीनं लागली की तो नाइस. जिथं ग्रॅनाइटच्या शिरा पट्टे कापून नाइसमध्ये घुसल्यात किंवा नाइसचे तुकडे ग्रॅनाइटात अडकलेत, ती जागा दाखवा. नाइस जुना, ग्रॅनाइट नंतरचा, हे यंत्राशिवाय कळतं.