मदत हवी आहे : सेमी इंग्रजीच्या आठवीत विज्ञान आणि इंग्रजी एकाच तासिकेत कसे शिकवावे?

नमस्कार.

मी पुण्यातील एका अनुदानित शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे सातवीपर्यंत सर्व विषय मराठीत असतात आणि आठवीपासून एका तुकडीला गणित व विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. (तुकडी सेमी झाली त्याच दिवशी मी ‘बाई’ची ‘मॅडम’ झाले, मुलांनी इंग्रजी तिथपर्यंत लगेच आत्मसात केले.) वर्गात ५८ मुले आहेत. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठी बोलली जाते आणि उरलेल्यांच्या घरी कानडी, हिंदी किंवा लमाणी. या उरलेल्या मुलांसाठी मराठीच मुळात शाळेत आल्यावर शिकलेली भाषा आहे. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीत झाले असून अकरावीला भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक हातात आल्यावर भरलेली धडकी मला अजून आठवते. त्यामुळे मुलांची अडचण मला कळते, पण ती सोडवण्याचे प्रशिक्षण मला कोणी दिलेले नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे, इंग्रजीची नाही.

नेमकी अडचण एका उदाहरणाने सांगते. ‘बल व दाब’ हा धडा चालू असताना मी वर्गाला विचारले की लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, मग लोखंडाचे जहाज का तरंगते? शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी बोलतही नाही, उठून म्हणाला, “जहाज आतून पोकळ असतं ना बाई, म्हणून ते खूप पाणी बाजूला सारतं आणि जेवढं सारतं तेवढ्या वजनाचा जोर त्याला वर ढकलतो.” याहून चांगले उत्तर मलाही सुचले नसते. आठ दिवसांनी चाचणीत शास्त्रीय कारण लिहिण्याच्या प्रश्नात त्याच मुलाने लिहिले : ‘शिप इज बिग सो वॉटर इज मोअर.’ मी २ पैकी अर्धा गुण दिला आणि त्या रात्री मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याला काय समजले आहे हे मला पक्के ठाऊक होते.

पहिला उपाय म्हणून मी भिंतीवर दोन रकान्यांची शब्दयादी लावली : घनता–डेन्सिटी, दाब–प्रेशर, प्लावक बल–बॉयन्ट फोर्स. तिचा उपयोग झाला, पण थोडाच. हळूहळू लक्षात आले की मुले अवघड शब्दांवर अडत नाहीत. अवघड शब्द नवा असतो, म्हणून तो जसाच्या तसा पाठ होतो. मुले अडतात ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर. ‘व्हेन अ बॉडी इज इमर्स्ड इन अ फ्लुइड’ ही आर्किमिडीजच्या तत्त्वाची सुरुवात वाचल्यावर एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारले की इथे आर्किमिडीजच्याच अंगाबद्दल म्हटले आहे का. तिच्या दृष्टीने बॉडी म्हणजे शरीर, किंवा फार तर तालमीत कमावतात ती. ‘फ्लुइड’ म्हणजे गाडीच्या ब्रेकमध्ये घालतात ते. मराठी पुस्तकातला ‘द्रायू’ हा शब्द मुलांनी कधी ऐकलेला नसतो, पण त्यात द्रव आणि वायू दोन्ही दिसतात, त्यामुळे तो फोड करून सांगता येतो. ‘फ्लुइड’ची अशी फोड होत नाही.

याउलट, ‘फोर्स पर युनिट एरिया’ मधल्या ‘पर’ने मला सुखद धक्का दिला. मी ‘प्रति’, ‘दर एकक’ असे समजावत बसले होते, तेवढ्यात मंडईत वडिलांचा गाळा असलेला एक मुलगा म्हणाला, “पर किलो चाळीस, तसंच का?” अगदी तसेच. पुढची दहा मिनिटे आम्ही दाबाचा भाव काढत होतो. दप्तराचा पट्टा अरुंद असला तर खांद्याच्या दर चौरस सेंटिमीटरला भाव जास्त पडतो, हे वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत पोचले.

थोडे वाचन केले आहे. आशय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या या पद्धतीला युरोपात १९९४ पासून ‘क्लिल’ या नावाने ओळखतात. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरित मुलांबद्दल त्यांचे म्हणणे असे, की बोलण्याची भाषा साधारण २ वर्षांत येते, तर अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला ५ ते ७ वर्षे लागतात. ती मुले तर आजूबाजूला इंग्रजीच ऐकत होती. माझ्या मुलांना दहावीच्या परीक्षेपर्यंत तीनच वर्षे मिळतात आणि इंग्रजी कानावर पडते ते बहुतांशी माझ्याच तोंडून. हिशेब जुळत नाही, हे मला दिसते आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. ३५ मिनिटांच्या तासिकेत मराठीतली चर्चा आणि इंग्रजीतले लेखन हे दोन्ही कसे बसवावे, कारण सध्या मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते आणि अभ्यासक्रम मागे पडतो? विज्ञानाच्या उत्तरातील भाषेच्या चुकांचे गुण कापावेत का? आणि ‘ते सेमीत घातलंय इंग्रजीसाठी, मग वर्गात मराठी कशाला?’ असे म्हणणाऱ्या पालकांना काय सांगावे?

प्रतिसाद १

ताई, मी कोथरूड भागातील एका शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, म्हणून भाषेच्या बाजूने लिहिते.

आर्किमिडीजचेच वाक्य घ्या. मराठीत आपण म्हणतो ‘वस्तूने – बाजूस सारलेला – द्रायू’. इंग्रजीत तेच ‘फ्लुइड – डिस्प्लेस्ड – बाय द बॉडी’ असे येते. तीनही तुकडे तेच, पण क्रम आरशात पाहावा तसा उलटा. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, इंग्रजीत असा लांबलचक तुकडा नामाच्या मागून येतो, आणि विज्ञानाच्या पुस्तकात अशी वाक्ये पानोपानी असतात. मूल डावीकडून वाचत जाते आणि ‘फ्लुइड डिस्प्लेस्ड’ येताच द्रायूनेच काहीतरी सारले असे समजते. म्हणून मागचा तुकडा चौकटीत घालायला लावा आणि तिथून नामाकडे बाण काढायला लावा. पाच मिनिटांचे काम आहे, परंतु ते दर धड्यात एकदा व्हायला हवे.

वेळेबद्दल : दोनदा सांगणे बंद करा. एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगितली की मुले इंग्रजी ऐकणे सोडून मराठीची वाट पाहतात. भाषांना कामे वाटून द्या. विचार आणि वाद मराठीत, निष्कर्षाचे एकच वाक्य इंग्रजीत. वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी वेल्श आणि इंग्रजीबाबत असेच मांडले होते, की वाचन एका भाषेत व्हावे आणि लेखन दुसरीत, म्हणजे मधले रूपांतर मुलाला डोक्यातच करावे लागते. तुमच्या त्या मुलाचे चुकलेले वाक्य नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. ‘बिग’ म्हणजे नेमके काय, ‘मोअर’ म्हणजे कशापेक्षा, एवढे दोन प्रश्न पुरतात.

गुणांचे म्हणाल तर घटक चाचणीत आशयाचे गुण भाषेसाठी कापू नयेत. आठवड्याला एकच भाषिक गोष्ट ठरवून फक्त तीच तपासावी, मग ती ‘बिकॉज’ असो वा ‘देअरफोर’. तुमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना त्याच आठवड्यात तेच घ्यायला सांगा. ते नाही म्हणतील, पण दुसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २

मी ३० वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो. वरील सल्ला आठवीपुरता ठीक आहे. मात्र बोर्डाचा परीक्षक मुलाने वर्गात मराठीत काय सांगितले होते हे विचारत नाही, म्हणून नववीच्या दिवाळीनंतर भाषेकडे काणाडोळा करू नये. पालकांना मराठी पुस्तकही घेऊन ठेवायला सांगा. मराठी माध्यमाच्या पुस्तकात इंग्रजी संज्ञा कंसात दिलेल्या असतात, आणि ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते, पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात जायलाच हवे असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विज्ञान आणि गणितासाठी द्विभाषिक पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे, तोही पालकसभेत सांगावा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. काल चौकट आणि बाण करून पाहिले. पाचऐवजी पंधरा मिनिटे लागली, कारण अर्ध्या वर्गाने बाण उलटा काढला होता, आणि मग तो उलटा का हे मुलांनीच एकमेकांना मराठीत समजावले. त्यानंतर जहाजाचे वाक्य फळ्यावर घेतले. शेवटच्या बाकावरच्या मुलाने वहीत जे लिहिले ते असे : ‘शिप इज हॉलो, सो इट डिस्प्लेस मोअर वॉटर दॅन नेल, अँड दॅट वॉटर वेट इज पुश शिप अप.’ व्याकरण अजून लंगडते आहे, पण मी २ पैकी २ दिले. इंग्रजीच्या सरांनी ‘नाही’ म्हटले आहे. सोमवारी पुन्हा विचारते.