शब्दचर्चा: ‘फ्युजिटिव्ह एमिशन’ला मराठीत काय म्हणावं?

तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलच्या अमेरिकी नियमांचं मराठी टिपण करतेय आणि ‘फ्युजिटिव्ह एमिशन’पाशी अडलेय. चिमणीतून नव्हे, तर गटारं, गाळाच्या टाक्या, झाकणांच्या फटी यांतून हवेत जाणारी वाफ, असा अर्थ. ‘फरारी उत्सर्जन’ लिहिलं की गुन्हेगारच डोळ्यांपुढे येतो. काही सुचवाल का?

प्रतिसाद 1
फरारी नकोच, आणि ‘उत्सर्जन’ही इथे बसत नाही. मराठीत धूर सोडतात, पण वास सुटतो. चिमणी बांधून धुराला वाट दिलेली असते. तेलकट पाण्यातून उडणाऱ्या बेंझीनला कुणी वाट दिलेली नसते. मी मुंबईत चेंबूरला, तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळ वाढलो. ‘आज वास सुटलाय’ असंच सगळे म्हणायचे. म्हणून ‘सुटी वाफ’.

प्रतिसाद 2 (प्रश्नकर्ती)
सोडणे-सुटणे हा भेद फार आवडला. पण ‘सुटी’ म्हटलं की सुटे पैसे आठवतात. शिवाय ‘सुटणे’ला कर्ता लागत नाही, आणि या नियमाचा सगळा जीव कर्त्यातच आहे. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून 1990 चा अमेरिकी नियम म्हणतो, कचऱ्यातलं एकूण बेंझीन वर्षाला 10 टनांवर गेलं की टाक्या, गटारं झाका, वाफ बंद नळीतून नेऊन जाळा किंवा शोषून घ्या. झाकणाच्या कडेला मोजयंत्र धरतात. आसपासच्या हवेपेक्षा दशलक्षात 500 भागांहून जास्त भरलं तर झाकण गळतंय. हे कुणीतरी करायचं असतं. आपोआप सुटली म्हणून कसं चालेल?

प्रतिसाद 3
मग ‘मोकाट वाफ’ घ्या. मोकाट गुरांना मालक असतो, दावं कुणी सोडलं हे विचारता येतं. आणि ‘कंटेनमेंट’ला ‘वाफ कोंडणे’, हा तर आपल्या स्वयंपाकघरातलाच शब्द. सरकारी कागदात ‘मोकाट’ रागाचा वाटेल, हे मान्य. मला तो राग योग्य वाटतो.

प्रतिसाद 4 (प्रश्नकर्ती)
‘मोकाट वाफ’ घेतेय. पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे फ्युजिटिव्ह एमिशन’ एवढं जोडेन.
आता ‘वॉटर सील’? कारखान्याच्या गटारात वाफ अडवायला पाणी साठवून ठेवतात, ते.

प्रतिसाद 5 (प्रतिसाद 1 चा लेखक)
त्याला प्लंबरचा शब्द आहे की, नहाणी ट्रॅप! महिनाभर गावाला जाऊन आलं की बाथरूममध्ये वास मारतो ना? ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. बादलीभर पाणी ओतलं की थांबतो. तत्त्व तेच.

प्रतिसाद 6 (प्रश्नकर्ती)
अगदी तेच! 1988 च्या अमेरिकी नियमात वापरातल्या गटाराचं पाणी महिन्यातून एकदा तपासायला सांगितलंय आणि वापरात नसलेल्याचं दर आठवड्याला. उलटं का, ते कळत नव्हतं. न वापरलेलंच आधी सुकतं. ‘ट्रॅपमधलं पाणी’ असंच लिहिते.