मदत हवी आहे: फैजपूरहून सौराष्ट्र आणि कच्छ, अकरा दिवस, स्वतःच्या गाडीने

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात आई, वडील, आम्ही दोघे आणि दोन मुले असे सहा जण सात आसनी डिझेल गाडीने सौराष्ट्र आणि कच्छ पाहायला निघणार आहोत. गाडी मी एकटाच चालवणार असल्यामुळे दिवसाला साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाण्याची इच्छा नाही. आईला देवदर्शन हवे आहे, मुलांना सिंह आणि मला पौर्णिमेच्या रात्रीचे पांढरे रण. वडिलांची अट एवढीच, की चहा वेळेवर मिळावा.

सगळे नियोजन मी पौर्णिमेपासून उलटे मोजत केले आहे, कारण बाकी मुक्काम पुढेमागे करता येतील, चंद्र करता येणार नाही. पांढऱ्या रणाकाठच्या धोरडोला पौर्णिमेच्या संध्याकाळी पोहोचायचे, तर आदल्या रात्री भुजला असायला हवे. भुजला आईला स्वामीनारायण मंदिर पाहायचे आहे. जुने मंदिर 2001 च्या भूकंपात पडले आणि 2010 मध्ये नवे उभे राहिले, हे तिला आमच्याकडच्या सत्संगात ऐकून पाठ आहे. आमच्या फैजपूर-सावद्याकडे हा संप्रदाय घरोघरी असल्यामुळे संप्रदायाचे तीर्थ असलेल्या गढड्यालाही जाणे आलेच. वाट थोडी वाकडी होते, पण ते गाळण्याची माझी हिंमत नाही.

जाताना भुसावळ, जळगाव, धुळे, कोंडाईबारी घाट, नवापूर असे करत सुरतेला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी हजिऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवावी, असा विचार आहे. रस्त्याने जे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते, ते समुद्रातून सुमारे नव्वद किलोमीटर आहे. शिवाय मुलांना बोटीचा आनंद मिळेल तो वेगळा. मात्र हवामानामुळे किंवा अन्य कारणाने फेरी रद्द झाली, तर पुढचा सगळा हिशेब कोलमडेल. ज्यांनी डिसेंबरमध्ये ही बोट घेतली आहे, त्यांनी फेरीच्या वेळा कितपत पाळल्या जातात आणि वृद्धांना गाडीतून वर बसण्याच्या जागेपर्यंत जिने चढावे लागतात का, हे कृपया सांगावे.

घोघ्याहून वेळावदरचे काळवीट, मग भावनगरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी गढडा करून गीरच्या जंगलालगतच्या सासणला पोहोचणे. चौथ्या दिवशी पहाटेची गीर सफारी आणि संध्याकाळी सोमनाथ. गीरचे जंगल 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असते, तेव्हा आमच्या वेळी ते नक्की उघडे असेल. अडचण परवान्याची आहे. आमच्यातील धाकटा चार वर्षांचा आहे. त्याला धरून सहा जण एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) मावतील, की दुसरा परवाना काढावा लागेल? एकाच सफारीवर भिस्त ठेवावी, की दुपारी देवळियाच्या कुंपणातल्या भागातही जाऊन यावे? 2025 च्या गणनेत सिंह 891 निघाले असले, तरी ते आमच्या जिप्सीसमोरच येऊन बसतील असे नाही, हे मुलांना आत्तापासून समजावत आहे.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या आणि गिरनारच्या दहा हजारांच्या घरातल्या पायऱ्या मी यादीतून काढून टाकल्या. द्वारकेच्या मंदिराला गोमती नदीच्या बाजूने स्वर्गद्वाराच्या छप्पन्न पायऱ्या आहेत. पलीकडच्या मोक्षद्वाराने आत गेल्यास त्या टळतात, असे समजले. त्या दारापर्यंत रिक्षा जाते का? बेट द्वारकेची काळजी मात्र मिटली, कारण फेब्रुवारी 2024 पासून सुदर्शन सेतूवरून गाडी थेट जाते.

खरी अडचण त्यानंतर आहे. द्वारकेहून जामनगर, मोरबी, सामखियाळीमार्गे भुज चारशे किलोमीटरच्या वर भरते. माझी मर्यादा येथेच मोडते. हा पल्ला मोरबीला थांबून दोन दिवसांत करावा, तर रणानंतरचा एक दिवस जातो आणि मग छोट्या रणातील रानगाढवे (तिकडे त्यांना घुडखर म्हणतात) किंवा मोढेऱ्याचे अकराव्या शतकातले सूर्यमंदिर, यांपैकी एक सोडावे लागते. माझा कल मोढेरा सोडण्याकडे आहे, पत्नीचा बरोबर उलट. छोट्या रणाजवळच्या दसाड्याला मुक्काम करून पहाटे घुडखर आणि दुपारी मोढेरा, हे वृद्धांना घेऊन जमते का?

आणखी एक शंका. पावसाळ्यात रण पाण्याखाली असते आणि ते सुकल्यावर मिठाचा थर वर येतो. पाऊस लांबला, तर मार्गशीर्ष पौर्णिमेला ढोपराएवढा चिखलच पाहायला मिळेल, अशी भीती एका परिचितांनी घातली आहे. अशा वेळी पौष पौर्णिमेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरेल का? थांबल्यास मुलांच्या शाळेत रजेचा अर्ज द्यावा लागेल.

परतीला वडोदऱ्याहून पुन्हा सुरतेला न जाता अंकलेश्वर, नेत्रंग, सागबारा, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा असा बऱ्हाणपूरचा रस्ता धरला, तर तो थेट आमच्या दारावरून जातो. मात्र नेत्रंग ते अक्कलकुवा या टप्प्याची सध्याची अवस्था मला ठाऊक नाही. गेल्या दोन महिन्यांत तिथून कोणी गाडी आणली असल्यास, अंधार पडल्यावर तो टप्पा टाळावा का, एवढे जरी कळवले तरी वडोदऱ्याहून किती वाजता निघायचे ते मला ठरवता येईल.