मदत हवी आहे: मधुमेह असताना मेंदूचा पेट स्कॅन

नमस्कार. सोलापुरात राहणाऱ्या माझ्या ६८ वर्षांच्या आईची स्मरणशक्ती दीड वर्षापासून कमी होत आहे. एमआरआय, बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्यांतून कारण कळले नाही, म्हणून अल्झायमर की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांवर परिणाम करणारा स्मृतिभ्रंश) हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी एफडीजी पेट स्कॅन (शिरेतून दिलेले किरणोत्सर्गी द्रव्य मेंदूत कुठे किती शिरते हे दाखवणारी तपासणी) सुचवला आहे. पहिल्यात मेंदूच्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) व टेम्पोरल (कानाजवळच्या) भागांत, तर दुसऱ्यात मुख्यतः पुढच्या भागात ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो, असे त्यांनी समजावले.

अडचण मधुमेहाची आहे. एफडीजी हे ग्लुकोजसारखेच द्रव्य असल्याने रक्तातील साखर जास्त असली की ते मेंदूत कमी शिरते, आणि आईची उपाशीपोटी साखर गोळ्या व काटेकोर पथ्य असूनही १९० ते २१० राहते. ती इन्सुलिन घेत नाही. पुण्याला किंवा मुंबईला जाण्याची आमची तयारी आहे, परंतु साखरेमुळे स्कॅन फसला तर तो प्रवास तिला दुसऱ्यांदा झेपणार नाही, याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

साखर आधी डॉक्टरांकडून आटोक्यात आणून मगच स्कॅनची तारीख घ्यावी, की साखरेवर अवलंबून नसलेल्या अमायलॉइड पेटबद्दल (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइड प्रथिन दाखवणाऱ्या स्कॅनबद्दल) त्यांना विचारावे? असा रुग्ण घरात असलेल्यांना स्कॅन केंद्राने साखरेची कोणती मर्यादा सांगितली होती?