दूरस्थ सल्ल्यावर कर्करुग्ण समाधानी आहेत, पण नेमके कशावर?

मूळ मुद्दा
कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, नाइलाजाने वाढलेले व्हिडिओ आणि फोनवरचे सल्ले साथ ओसरल्यावरही टिकले, आणि त्यांच्या समर्थनार्थ नेहमी एकच गोष्ट पुढे केली जाते: रुग्ण समाधानी आहेत. ते समाधानी आहेत हे मला मान्य आहे. ते समाधान उपचाराच्या दर्जाचे माप म्हणून वापरणे मान्य नाही. केमोने थकलेल्या माणसाची गर्दीत तासन्‌तास बसण्यातून सुटका झाली, तर तो कोणत्याही प्रश्नापुढे ‘समाधानी’ हाच रकाना भरणार. ज्यांना कॉल जोडताच आला नाही, ते तर अशा पाहणीत बहुधा नसतातच. शिवाय रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत येतो, यावरूनही पुढची केमो त्याला झेपेल का याचा अंदाज डॉक्टर बांधत असतात. पडद्यावर तो आधीच बसलेला असतो. माझ्या वडिलांच्या काखेतली गाठ अशीच दोन व्हिडिओ-सल्ल्यांत निसटली, आणि प्रत्यक्ष गेलो तेव्हा डॉक्टरांच्या बोटांना ती अर्ध्या मिनिटात लागली. त्या दोन्ही सल्ल्यांना वडिलांनी पाचपैकी पाच गुण दिले होते. प्रश्नावली मीच भरली होती.

प्रतिसाद १ (असहमत)
गाठ निसटली हे वाईटच झाले, पण त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. मी तीन वर्षे गोळ्यांच्या उपचारावर आहे. माझ्या बहुतेक भेटींत रक्ताचा अहवाल पाहणे आणि दुष्परिणाम विचारणे एवढेच घडते, आणि त्यासाठी पूर्ण दिवस खर्ची घालायचा. आणि पुरावा केवळ समाधानाचा नाही. अमेरिकेत २२ केंद्रांवर फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या १,२५० रुग्णांना उपशामक सेवा (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) काहींना व्हिडिओवरून, काहींना प्रत्यक्ष देण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २४ आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या जीवनमानात फरक नव्हता.

मूळ लेखक
तो अभ्यास मीही वाचला आहे. उपशामक सेवेचा मोठा भाग बोलण्याचा असतो, त्यामुळे तो निष्कर्ष ‘गाठ लागते का’ या प्रश्नाला लागू पडत नाही. त्याच अभ्यासात व्हिडिओ-भेटींमध्ये काळजीवाहकांचा सहभाग प्रत्यक्ष भेटींपेक्षा कमी आढळला, याचा उल्लेख आपण टाळलात.

प्रतिसाद २ (प्रतिसाद १शी सहमत)
आमच्या घरी नेमके उलटे घडले. दवाखान्यात आई प्रत्येक प्रश्नाला ‘बरे आहे’ म्हणायची. व्हिडिओवर डॉक्टरांनी घरातली औषधे एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली, तेव्हा वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत एकच औषध असल्याचे आणि आई दोन्ही घेत असल्याचे उघड झाले. दवाखान्यात आम्ही नेत होतो ती फाईल. औषधांचा डबा कधीच नाही.

प्रतिसाद ३ (मूळ लेखकाशी सहमत)
डब्याचा मुद्दा पटला, तरी घरात एकांत नसतो हेही लक्षात घ्यावे. ‘आणखी किती दिवस?’ हा प्रश्न माझ्या भावाने मला बाहेर पाठवून डॉक्टरांना विचारला होता. दोन खोल्यांच्या घरात फोनवर त्याने तो विचारला नसता. आणि केमोनंतर ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर व्हिडिओच्या वेळेची वाट पाहायची नसते, त्वरित रुग्णालय गाठायचे असते. ही सूचना प्रत्येक दूरस्थ सल्ल्याच्या शेवटी दिली जाते का, हे कोणत्या प्रश्नावलीत विचारतात?

प्रतिसाद १
सूचनेबाबत सहमत. पण मग प्रश्नावली सुधारा. ‘समाधानी आहात का’ऐवजी ‘हीच भेट प्रत्यक्ष व्हायला हवी होती का’ असे विचारा. रुग्णाला गुण देता येत नाहीत, असे मानण्याची गरज नाही.

मूळ लेखक
हा प्रश्न काल वडिलांना विचारला. व्हायला हवी होती, असे ते म्हणाले. मग गुण बदलू का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी नकार दिला. ते दोन दिवस त्यांना स्वतःच्या अंथरुणावर पडून काढता आले होते.