अनुभव धागा : मुलांच्या कपड्यांचे पैसे मुलांच्याच हातात दिलेत का?

गेल्या मे महिन्यात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात माझं आणि लेकीचं कडाक्याचं वाजलं. ती चौदाची, आठवीची परीक्षा नुकतीच झालेली. तिला आवडलेला टॉप मला पटेना, मी काढायला लावलेले सात-आठ कुर्ते तिला नकोत. काउंटरवरची मुलगी घड्या घालून दमली. शेवटी काहीच न घेता निघालो, रिक्षात दोघी गप्प.

रात्री नवऱ्याने विचारलं, "तिच्या कपड्यांवर वर्षाला जातात किती?" मला आकडा सांगता आला नाही. जुनी बिलं, फोनमधले यूपीआयचे व्यवहार असं सगळं धुंडाळलं तेव्हा साधारण साडेअकरा हजार निघाले. मग ठरवलं, हेच पैसे तिच्या हातात द्यायचे. जूनपासून महिन्याला १,००० रुपये, तिच्या स्वतःच्या बचत खात्यात. (दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं चालवता येतं, हे मला बँकेत गेल्यावर कळलं.) गणवेश, शाळेचे बूट, आतले कपडे, रेनकोट आमच्याकडे. बाकी सगळं, म्हणजे घरातले कपडे, बाहेरचे, चपला, दिवाळीचा ड्रेस, तिच्याकडे. कागदावर लिहून फ्रिजवर लावलं.

दोन महिन्यांचे पैसे साठवून तिने पहिली खरेदी केली ती पांढऱ्याशुभ्र स्नीकर्सची, १,८०० रुपये. जुलैमध्ये! चौथ्या दिवशी सिंहगडाच्या वाटेवरचा लाल चिखल त्यावर. मी काही बोलले नाही. ती बाथरूममध्ये जुना टूथब्रश घेऊन तासभर घासत बसली होती, मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवले. डाग फिकट झाले, गेले नाहीत. ते बूट ती अजून घालते. मला सगळ्यात जड गेलं ते दाराबाहेर उभं राहून गप्प बसणं. "सांगितलं होतं ना" हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

तुम्ही असं काही केलंय का? रक्कम कशी ठरवली, काय धरलं, काय वगळलं, आणि चुकलं तेव्हा मध्ये पडलात का? मला खरंच ऐकायचंय, कारण जून आलाय आणि पुढच्या वर्षाचं ठरवायचंय.

ठाणे, मुलगा १४, मुलगी १२

आम्ही दोघांना सारखी रक्कम दिली आणि तिथेच फसलो. मुलगा एका वर्षात झपाट्याने वाढला. जूनमध्ये घेतलेली जीन्स दिवाळीला घोट्याच्या वर. खालची दुमड उसवून एकदा लांब केली, दुसऱ्यांदा उसवायला कापडच उरलं नाही. त्याचे सगळे पैसे नुसते अंग झाकण्यात गेले आणि बहीण मात्र हौसेचे कपडे घेत होती. तो एक दिवस म्हणाला, "मी उंच झालो हा माझा खर्च कसा?" मला उत्तर नव्हतं.

आता नियम असा : कपडा लहान झाला म्हणून बदलायचा असेल तर पैसे आमचे, आवडला म्हणून घ्यायचा असेल तर त्यांचे. वाढत्या वयाच्या मुलग्यांच्या आईवडिलांनी हे आधीच ठरवावं.

नागपूर, मुलगा १६

आम्ही दिवाळीच्या आधी सहा महिन्यांचे एकदम ७,००० दिले. पोराने पहिल्याच आठवड्यात ४,८०० चं जॅकेट मागवलं. बिल घेऊन दोघे बसलो, मी हिशेबाचीच कामं करतो. जॅकेटवर १८ टक्के जीएसटी, सोबतच्या टी-शर्टवर ५. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० पर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्याच्या पुढे थेट १८, हे त्याला पहिल्यांदा कळलं. तोंड उतरलं त्याचं. तोवर त्याने लेबल कापून टाकलं होतं, परत करता आलं नाही.

डिसेंबरात माझ्या भाच्याचं लग्न. उरलेले पैसे बुटात गेलेले. आईने (म्हणजे त्याच्या आजीने) मला बाजूला घेऊन सांगितलं, "सख्ख्या आतेभावाचं लग्न आहे, पोरगा जुन्या कुर्त्यात दिसला तर लोक काय म्हणतील?" मी सीताबर्डीला जाऊन शेरवानी आणायला निघालोच होतो. बायकोने चावी काढून घेतली. म्हणाली, आज आणलीत तर सहा महिने वाया.

तो मागच्या वर्षीचाच निळा कुर्ता घालून आला. स्वतः धुतला, इस्त्री केली, बाह्या तोकड्या होत्या म्हणून कोपरापर्यंत दुमडल्या. वरातीत नाचला. फोटोत सगळ्यात आनंदी तोच दिसतो, पण मी त्या रात्री झोपलो नाही, हेही खरं सांगतो. आता आम्ही दर महिन्याला देतो. सोळाव्या वर्षी सहा महिने पुढचं बघायला लावणं माझी घाई होती.

सांगलीजवळचं गाव, मुलगी १६

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ठरलेली रक्कम महिन्याला देणं मला जमत नाही. लग्नसराईत हातात पैसा येतो, पावसाळ्यात मशीन थंड. म्हणून मी वेगळं केलं. मे महिन्यात ६,००० रुपये डब्यात ठेवले आणि लेकीला सांगितलं, आपल्या दोघींचं वर्षाचं कापड यात. हिशेब तू ठेव. ती डब्याकडे बघत राहिली. "तुझ्या साड्यापण यातच?" म्हणाली. मी हो म्हटलं.

तयार ड्रेस महाग पडतो म्हणून ती कापड घ्यायला लागली. पहिल्या वेळी एकटीच बाजारात गेली, अडीच मीटर घेऊन आली. टेबलावर पसरलं तर पन्हा (कापडाची रुंदी) ३६ इंचांचा, तिने ४४ धरलेला. बाह्या निघेनात. रडकुंडीला आली. मी म्हटलं, विचार कर, मी जेवण करते. परत आले तर तिने माझ्या चिंध्यांच्या पिशवीतून खणाचे उरलेले तुकडे काढून जुळवून बघायला घेतले होते. हिरव्या कापडाला जांभळ्या खणाच्या बाह्या. कटिंग मी दाखवलं, शिवलं तिने. कॉलेजात दोन मुलींनी विचारलं, कुठून घेतला.

आता दुकानात गेल्यावर ती किमतीच्या आधी पन्हा विचारते. आणि दिवाळीला वहीत माझ्या नावापुढे तिने आधी ८०० लिहिले, मगच स्वतःचा आकडा टाकला. कमी पैशात हे होत नाही असं कुणी समजू नये, म्हणून एवढं लिहिलं.

मी २०, मूळची कोल्हापूरची

मी घेणाऱ्या बाजूने सांगते. नववीपासून बाबा मला महिन्याला ८०० द्यायचे, पण आणलेली प्रत्येक वस्तू पलंगावर मांडून दाखवावी लागायची. "हे कशाला", "गळा केवढा", "हा रंग तुला शोभत नाही". दोनदा परत करायला लावलं. मग मी ऑनलाइन मागवून मैत्रिणीच्या पत्त्यावर घ्यायला लागले. खोटं बोलण्याची सवय मला त्या पैशांनी लागली, आणि ते सांगताना आजही वाईट वाटतं. माझी एकच विनंती आहे, पैसे दिलेत तर निवडसुद्धा द्या. ती द्यायची नसेल तर आधीसारखे तुम्हीच सोबत जा, ते जास्त प्रामाणिक.

ठाणे (वरचीच)

तुझं वाचून गलबललं गं. आमच्याकडेही दोन अटी आहेत, पण त्या पैसे देण्याआधीच बोलून ठरल्या : घरच्या गणपतीत आणि देवळात जाताना साजेसं घालायचं, आणि अश्लील मजकूर छापलेलं काही नको. त्यापलीकडे मी बोलायचं नाही. अट आधी सांगितली की तिचं भांडण होत नाही, खरेदीनंतर काढली की होतं.

न्यू जर्सी, मुलगा १५

थोडक्यात लिहिते. इथे कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे लेबलवरचा आकडा तोच बिलावर आणि पोरांना हिशेब सोपा जातो. आमचा मुलगा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जातो. मला सुरुवातीला दुसऱ्याने वापरलेले कपडे म्हणून नकोसं झालं होतं. मग आठवलं, मी स्वतः बारावीपर्यंत डोंबिवलीत मावसबहिणीचे कपडे घालूनच मोठी झाले. त्याने एक युक्ती काढलीय : अंगाला नीट बसणारा एक शर्ट टेपने मोजून मापं फोनमध्ये ठेवलीत. साइजच्या अक्षरावर तो विश्वास ठेवत नाही, खांदा आणि लांबी बघतो. ऑनलाइन परत पाठवणं जवळजवळ थांबलं.

पुन्हा मी, पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, तुमचा अनुभव लेकीला वाचून दाखवला. पन्हा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. कपाटातल्या ओढणीला टेप लावून बघत होती.

काल तिने वर्षाचा हिशेब आणून दिला. १२,००० मधले ११,३४० खर्च. चौदा वस्तू, त्यातल्या तीन जेमतेम एकदा घातलेल्या, त्यांच्यापुढे तिने स्वतःच फुली मारलीय. आजीने दिवाळीला दिलेला ड्रेस तिने वहीत धरला नव्हता आणि मीही धरायला लावला नाही. मला वाटलं, आता वाढवून मागणार. पण तिने मागितलं वेगळंच : रक्कम तीच ठेवा, फक्त चपला-बूट तुमच्या यादीत घ्या. कारण लिहिलंय, "वर्षात पायाचा नंबर दोनदा बदलला." ठाण्याच्या मुलाचंच म्हणणं की हे!

नवरा म्हणतो, गरजेच्या चपला आपल्या, हौसेचे स्नीकर्स तिचे. पण ते पांढरे बूट आता तिला घट्ट होतायत. त्या जागी येणारा जोड गरजेचा धरायचा की हौसेचा, यावर आमचं घरात अजून ठरत नाहीये. तुमच्याकडे कसं करता?